चहा, झोप आणि जाणतेपणीचे स्वप्न

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीचे जेवण उरकून रंकाळ्यावर फेरी मारायची आणि परतताना गाड्यावरचा गरम चहा घ्यायचा, हा कोल्हापुरातल्या अनेकांचा नेम आहे. त्यांना कोणी हटकलेच, तर उत्तर ठरलेले असते : “मला काही होत नाही, चहा पिऊनसुद्धा मी ढाराढूर झोपतो.” हे उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते, कारण झोप लागणे आणि झोप गाढ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चहा-कॉफीतले कॅफिन दुसरीला धक्का लावते तेव्हा झोपणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साचत जाते आणि ते पेशींवरच्या नेमून दिलेल्या जागी जाऊन बसले की डोळे जड होऊ लागतात. कॅफिनची घडण त्याच्याशी बरीच मिळतीजुळती असल्यामुळे, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ते या जागा अडवून ठेवते. ॲडेनोसिन त्यामुळे नाहीसे होत नाही. ते साचतच राहते. म्हणूनच कॅफिनचा अंमल उतरल्यावर थकवा एकदम अंगावर येतो.

हा अंमल किती वेळ टिकतो, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातले निम्मे कॅफिन बाहेर पडायला सरासरी 5 तास लागतात, म्हणजे संध्याकाळी 7 वाजता घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफिन मध्यरात्री अजून रक्तातच असते. अर्थात माणसामाणसात फरक पडतो. यकृतातले जे विकर (एन्झाइम) कॅफिन मोडते, त्याचा वेग आनुवंशिकतेने कमीजास्त असतो. धूम्रपान करणाऱ्यांत ते झपाट्याने काम करते, तर गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत हाच कालावधी 15 तासांपर्यंत लांबू शकतो. गर्भवतींनी दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे सांगितले जाते ते काही उगाच नाही.

2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात झोपण्याच्या 6 तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफिन दिले, तेव्हा यंत्राने मोजलेली झोप तासाभराहून अधिक घटली. झोपणाऱ्यांच्या स्वतःच्या नोंदींत मात्र ही तूट तितकी ठळक उमटली नाही. 400 मिलिग्रॅम ही मात्रा मोठी आहे हे खरे, टपरीवरच्या एका छोट्या कपात तिचा लहानसा अंशच असतो. परंतु पाहुण्यांसाठी एक, दुकानात एक, मित्र भेटला म्हणून एक, असे दिवसभरात किती कप होतात याचा हिशेब आपल्यापैकी कोण ठेवतो? या बाबतीत रात्री गंगावेशीत जाऊन म्हशीचे दूध पिणारे मला अधिक शहाणे वाटतात, कारण दुधात कॅफिन नसते.

आता स्वप्नांकडे येतो. आपण स्वप्नात आहोत याचे भान स्वप्न चालू असतानाच असणे, हा अनुभव अनेकांना आयुष्यात एकदा तरी येतो. 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी आणि त्यानंतर स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी तो प्रयोगशाळेत पडताळला : झोपलेल्या माणसाने आधी ठरलेल्या पद्धतीने डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नातून खूण केली. अशी स्वप्ने बहुधा ज्या झोपेत पडतात, ती डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप साधारण दर 90 मिनिटांनी येते आणि पहाटेकडे तिचे टप्पे लांबत जातात. त्यामुळे चार-पाच तास झोपून उठायचे, थोडा वेळ जागे राहायचे आणि ‘हे स्वप्न आहे हे मी ओळखीन’ असा निश्चय करून पुन्हा पडायचे, ही पद्धत रूढ झाली.

या मधल्या जागेपणी कॉफी घ्यावी, असे काही हौशी मंडळी सुचवतात. मला हा सल्ला पटत नाही. पहाटेच्या कॉफीने पुन्हा झोप लागणेच अवघड होते, आणि लागली तरी ती तुटक होते. वारंवार जाग आल्यामुळे स्वप्ने जास्त आठवतात, तेव्हा कॉफीने स्वप्ने रंगली असे वाटू शकते. पण स्वप्न आठवणे म्हणजे स्वप्नात भान असणे नव्हे. 2018 च्या एका अभ्यासात भान असलेली स्वप्ने वाढलेली दिसली ती गॅलंटामिनने, आणि ते स्मृतिभ्रंशावरचे औषध आहे, हौसेखातर घेण्याचे नव्हे.

ज्यांना हा प्रयोग करायचाच असेल, त्यांनी दुपारी चारनंतर चहा थांबवावा, उशाशी वही ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशीच रात्र निवडावी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत फिरत्या पाळीवर जाणाऱ्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यांची झोप आधीच तुटलेली असते. त्यांनी रात्रपाळीतला चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यातच घ्यावा, म्हणजे सकाळी घरी पोहोचून अंथरुणावर पडेपर्यंत त्याचा जोर बराच ओसरलेला असेल.