मानेतल्या चार दाणेभर ग्रंथी

श्रोतेहो, नमस्कार. मुतखडा एकदा पडून जातो, पुन्हा होतो, तिसऱ्या वेळी फोडून काढावा लागतो, आणि तरीही तो वारंवार का होतो याचा शोध पुष्कळदा घेतलाच जात नाही. त्याच माणसाची हाडे दुखत असतात, जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही, बद्धकोष्ठ असतो, मन खिन्न असते. पण हे सारे वयाच्या खात्यावर टाकले जाते. या सगळ्या तक्रारींचे मूळ कधी कधी मानेतल्या एका लहानशा ग्रंथीत असते. आज मी त्या ग्रंथीविषयी आणि तिच्या शस्त्रक्रियेविषयी बोलणार आहे.

थायरॉइडच्या, म्हणजे अवटू ग्रंथीच्या, पाठीमागे बहुतेकांना चार पॅराथायरॉइड किंवा परावटू ग्रंथी असतात. प्रत्येकीचे आकारमान मसुरीच्या दाण्याएवढे आणि वजन साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते. नाव सारखे असले तरी थायरॉइडच्या कामाशी त्यांचा संबंध नाही. रक्तातील कॅल्शियम दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या मर्यादेत राखणे, हे त्यांचे काम. कॅल्शियम किंचित उतरले की त्यांचे संप्रेरक पाझरते, हाडांतून कॅल्शियम बाहेर काढते आणि मूत्रपिंडाला ते राखून ठेवायला लावते. कॅल्शियम वाढले की ग्रंथी थांबतात. यांपैकी एखादीत गाठ झाली, आणि ती बहुधा कर्करोगाची नसते, तर हे थांबणेच बंद पडते. मग हाडांची ठेव वर्षानुवर्षे उपसली जाते, मूत्रपिंडाला राखता न येणारे जादा कॅल्शियम लघवीवाटे जाते आणि त्याचे खडे बनतात.

म्हणून कॅल्शियम वाढलेले आढळले की दूध सोडणे हा उपाय नव्हे. पॅराथायरॉइडचे संप्रेरक तपासून घेणे हा पहिला उपाय आहे. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता फार दिसते आणि वाढलेले कॅल्शियम तिच्यामुळे झाकले जाऊ शकते, म्हणून तीही तपासणी सोबत करावी. हाडे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर कॅल्शियमच्या गोळ्या आणणाऱ्यांना तर माझी कळकळीची विनंती आहे की आधी रक्त तपासा.

या ग्रंथी माणसात प्रथम नीट वर्णिल्या त्या स्वीडनमधील उप्साला येथील ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने, १८८० साली. त्याआधी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ती ग्रंथी दिसली होती. व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी १९२५ साली एका ट्राम कंडक्टरच्या मानेतली अशी गाठ काढली आणि झिजलेल्या हाडांच्या त्या रुग्णाला बराच काळ आराम पडला.

पण मला अधिक सांगायचे आहे ते चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजी कप्तानाबद्दल. हाडे मऊ पडून मोडत गेल्यामुळे या उंचपुऱ्या माणसाची उंची काही वर्षांत सुमारे १८ सेंटिमीटरने घटली. निदान झाले, मानेवर एकामागून एक सहा शस्त्रक्रिया झाल्या, आणि गाठ सापडली नाही. १९३२ साली बोस्टनमध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती छातीच्या पोकळीत मिळाली, कारण गर्भात या ग्रंथी खाली सरकत जातात आणि एखादी वाटेत भरकटू शकते. मूत्रपिंडांची मात्र तोवर भरून न येणारी हानी झाली होती. गाठ काढल्यानंतर काही आठवड्यांतच, मुतखड्यावरील उपचारानंतर, ते गेले. शल्यचिकित्सकाची खरी कसोटी गाठ कापण्यात नसून ती शोधण्यात आहे, हे त्यांनी सोसलेल्या यातनांनी आम्हाला शिकवले.

आज सोनोग्राफी आणि किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टोचून काढला जाणारा सेस्टामिबी स्कॅन यांनी गाठीची जागा बहुधा आधीच कळते. मात्र स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही म्हणून आजार नाही असे समजू नये. निदान रक्तावर होते, स्कॅन फक्त पत्ता सांगतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून गाठ काढता येते. हे संप्रेरक काही मिनिटांतच रक्तातून ओसरते, म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्ताचा नमुना घेऊन ते निम्म्याहून खाली आले की दोषी ग्रंथी निघाली याची खात्री टेबलावरच होते. आवाजाची नस शेजारूनच जाते, त्यामुळे असा शल्यचिकित्सक निवडावा की ज्याचा या शस्त्रक्रियेतील हात रोजचा आहे.

शस्त्रक्रियेनंतर उपाशी हाडे कॅल्शियम झपाट्याने ओढून घेऊ लागतात. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, हातापायांत गोळे आले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. त्या वेळी कॅल्शियमची गोळी किंवा सलाईन लागते. आणि टाका भरला म्हणून तपासणी सोडू नये, कारण सहा महिन्यांनीही कॅल्शियम प्रमाणात राहिले, तरच आम्ही रुग्णाला बरा झालेला म्हणतो.