पंचवीस मिनिटं, हवा बरी असेल तर

[दृश्य : मोबाइलवरचा नकाशा, दोन ठिपके]

हा ठिपका लाँगइयरब्येन, तो न्यू-ओलेसुंद. दोन्ही नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे. मध्ये केवढं अंतर दिसतंय! पण या सपाट नकाशाच्या नादी लागू नका. उत्तरेकडे तो ताणत जातो. ७८ अंशांवर तर जवळजवळ पाचपट. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर, इथे जेमतेम २३. खरं हवाई अंतर भरतं सुमारे ११० किलोमीटर. मुंबई-पुणे सरळ रेषेत मोजलं, तर थोडं जास्तच निघेल.

पण इथे ना घाट, ना हायवे. या दोन गावांमध्ये रस्ताच नाही. आहेत ते फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, डोंगर आणि हिमनद्या.

[दृश्य : धावपट्टी, मागे बर्फाचे डोंगर]

लाँगइयरब्येनचा विमानतळ १९७५ सालचा. ओस्लोहून जेट विमान तीनेक तासांत इथे येतं. धावपट्टी अडीच किलोमीटरच्या घरात, पण खालची जमीन बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात तिचा वरचा थर वितळला की डांबर खालीवर होतं. डागडुजी पाचवीलाच पुजलेली.

पुढचं विमान छोटं, डॉर्निअर २२८. आपल्याकडे कानपूरला एचएएल बनवते, तेच. पलीकडे त्याची वाट पाहते ती खडीची धावपट्टी, ८०० मीटरच्या आसपास. उड्डाण २० ते २५ मिनिटांचं. विमानाच्या वेगाच्या मानाने ही वेळ जास्त वाटेल. पण वर चढेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते. आणि हेही ढगांनी वाट दिली तर! ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत न्यू-ओलेसुंदला सूर्य उगवतच नाही.

[दृश्य : रंगीत लाकडी घरं]

हे गाव मुळात कोळशाच्या खाणीचं. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले, पुढच्याच वर्षी खाण बंद पडली. आता इथे वावर संशोधकांचा. २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्रही इथेच आहे. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून. डिसेंबर २०२३ पासून आपली माणसं हिवाळ्यातही इथे राहू लागली.

विमानात बसताना आपण फोन फ्लाइट मोडवर टाकतो ना? इथे उतरल्यावर तो तसाच ठेवायचा. वाय-फाय बंद, ब्लूटूथ बंद, अगदी मनगटावरच्या घड्याळाचंही. गावाजवळच्या मोठ्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारांचे, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांचे, क्षीण रेडिओ संकेत टिपतात. त्यावरून खंड किती सरकले, पृथ्वीच्या फिरण्यात किती फरक पडला, ते मोजतात. त्यांच्या कानाशी आपलं घड्याळ म्हणजे लग्नातला बँड.

घरी ‘पोहोचलो’ म्हणून कळवायचं, तर लॅपटॉपला केबल लावून.