नाताळात वाचायची थंडगार खूनकथा: ॲन क्लीव्हज यांची शेटलंड मालिका

[कॅमेऱ्यासमोर, हातात ‘रेव्हन ब्लॅक’]

नमस्कार मंडळी. डिसेंबर आला की एक विचारणा हमखास होते: थंडीत, सुट्टीत वाचायला एखादी ब्रिटिश डिटेक्टिव्ह मालिका सुचवा. माझं उत्तर ठरलेलं आहे. ॲन क्लीव्हज यांची, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर घडणारी मालिका, आणि सुरुवात पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे ‘रेव्हन ब्लॅक’पासून. का, ते सांगते. खुनी कोण हे सांगणार नाही, निर्धास्त ऐका.

पुस्तक उघडतं एक जानेवारीला, रात्री एक वाजून वीस मिनिटांनी. मॅग्नस टेट नावाचा म्हातारा आपल्या घरात एकटा जागा आहे. शेकोटीत पीट रचलंय. पीट म्हणजे तिकडच्या दलदलीतून कापून काढतात, वाळवतात आणि सरपण म्हणून जाळतात ते. टेबलावर व्हिस्कीची बाटली आणि बाजारातून मुद्दाम आणलेला आल्याचा केक. कोपऱ्यातल्या वेताच्या पिंजऱ्यात एक डोमकावळा झोपेत कुरकुरतोय. मॅग्नसच्या डोळ्यांवर झापड येतेय, पण तो आडवा होत नाही. चुकून कोणी आलं तर? गेली आठ वर्षं नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला त्याच्याकडे एक माणूस फिरकलेला नाही. तरी दिवा लावून बसलाय.

खूनकथा आहे ना ही? मग सुरुवात अशी का? यामागे स्कॉटलंडचा एक रिवाज आहे. मध्यरात्री बारानंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जायचं, जाताना बाटली न्यायची, नव्या वर्षात घराचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं याला महत्त्व द्यायचं. स्कॉटलंडमध्ये नाताळापेक्षा वर्षअखेरच मोठी. तिथल्या प्रोटेस्टंट चर्चला नाताळाचं कौतुक शतकानुशतकं मान्य नव्हतं, आणि २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी स्कॉटलंडला मिळाली ती थेट १९५८ साली. त्यामुळे लोकांचा सगळा उत्साह ३१ डिसेंबरच्या रात्रीवर. त्या रात्री अख्खं गाव एकमेकांच्या घरी, आणि एक दार सोडून सगळे पुढे जातात. ते दार मॅग्नसचं.

त्या रात्री मात्र दारावर थाप पडते. सॅली आणि कॅथरीन, शाळेत जाणाऱ्या दोन मुली, थोड्या प्यायलेल्या, पैजेवर त्याच्याकडे येतात. तो हरखून जातो. केक कापतो, पेले भरतो. काही दिवसांनी यांतलीच कॅथरीन त्याच्या घराजवळच्या माळावर मेलेली सापडते. गळ्यात लाल स्कार्फ, भोवती पांढरं बर्फ, वर काळे डोमकावळे.

गावाचा निकाल लगेच तयार. आठ वर्षांपूर्वी कॅट्रिओना नावाची लहान मुलगी नाहीशी झाली होती, तेव्हाही बोट मॅग्नसकडेच गेलं होतं. पुरावा तेव्हा सापडला नाही, पण लोकांनी त्याच्याकडे जाणं सोडलं ते सोडलंच. आता दुसरी मुलगी. मग वेगळा खुनी शोधायचा कशाला?

[थोडं थांबून]

इथे जरा मागे जाते, कारण नाताळ आणि खून यांची जोडी ब्रिटनमध्ये जुनी आहे. शेरलॉक होम्सची निळ्या माणकाची गोष्ट, ज्यात नाताळच्या हंसाच्या पोटातून रत्न निघतं, ती ‘स्ट्रँड’ मासिकाच्या जानेवारी १८९२च्या अंकातली. अगाथा ख्रिस्तींचं नवं पुस्तक नाताळात भेट द्यायचं हा तर त्यांच्या प्रकाशकाने रुजवलेला वार्षिक शिरस्ता, आपल्याकडे दिवाळी अंक असतात तसा. आणि २०१४ साली ब्रिटिश लायब्ररीने जे. जेफरसन फार्जन यांचं १९३७ सालचं, जवळजवळ विस्मरणात गेलेलं ‘मिस्टरी इन व्हाइट’ पुन्हा छापलं, तर त्या नाताळात ते तुफान खपलं. बर्फात अडकलेली आगगाडी, काही प्रवासी, वाटेत एक रिकामं घर, आणि त्या घरात शेकोटी पेटलेली, चहा मांडलेला.

या जुन्या कथांमध्ये बर्फाचं काम ठरलेलं असे. रस्ते बंद करायचे, पोलिसांना लांब ठेवायचं, पाऊलखुणा उमटवायच्या किंवा बुजवायच्या. मोठा वाडा, दहाबारा पाहुणे, त्यांतला एक खुनी, शेवटी दिवाणखान्यात उलगडा. मला हा प्रकार मनापासून आवडतो. पण त्यात मेलेल्या माणसाबद्दल आपल्याला फारसं काही वाटत नाही. खडूस म्हातारा होता, मृत्युपत्र बदलणार होता, मेला. पुस्तक मिटलं की आपण जेवायला मोकळे.

क्लीव्हज यांनी तोच साचा उचलला आणि वाड्याच्या जागी अख्खा द्वीपसमूह ठेवला.

शेटलंड म्हणजे ब्रिटनचं उत्तरेचं टोक. साठ अंश उत्तर अक्षांश. शंभराहून जास्त बेटं, त्यांतल्या मोजक्यांवर वस्ती, सगळी मिळून साधारण तेवीस हजार माणसं. लंडनपेक्षा नॉर्वेतलं बर्गन कितीतरी जवळ. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून रात्री बोटीत बसलात तर सकाळी लेरविकला, म्हणजे शेटलंडच्या मुख्य गावात, उतरता, समुद्र शांत असेल तर. झाडं जवळजवळ नाहीत. म्हणजे कोण कुठे चाललंय, कोणाच्या दारात कोणाची गाडी उभी आहे, हे डोंगरउतारावरून सगळ्यांना दिसतं. डिसेंबरच्या अखेरीला दिवस सहा तासांहूनही लहान. सकाळी नऊच्या पुढे उजाडतं, दुपारी तीनला अंधार. मुलं काळोखात शाळेत जातात आणि काळोखातच घरी येतात.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या, तिथे बर्फ रोजचं नाही. चहूबाजूंनी समुद्र असल्यामुळे हिवाळ्यात मुख्यतः वारा आणि पाऊस. बर्फ साचून राहणं ही तिथल्या माणसांसाठीही मोठी घटना. ‘रेव्हन ब्लॅक’मधली लख्ख, गोठलेली थंडी म्हणून वेगळी भासते. एरवी ढगात बुडालेली बेटं अचानक स्वच्छ दिसायला लागतात, आणि त्या स्वच्छ पांढऱ्यावर एक प्रेत.

हे दृश्य लेखिकेने स्वतः पाहिलेल्या गोष्टीतून आलंय. तरुणपणी कॉलेज अर्धवट सोडून त्या शेटलंडमधल्याच फेअर आयल बेटावरच्या पक्षी-निरीक्षण केंद्रात स्वयंपाकाच्या कामाला लागल्या होत्या. नवराही पक्ष्यांच्या मागावरचा. पुढे एकदा भर हिवाळ्यात दोघं एक दुर्मीळ पक्षी बघायला शेटलंडला गेले, तेव्हा बर्फ पडलेलं होतं आणि त्यावर काळे डोमकावळे होते. यात लाल रंग आला तर, असं त्यांच्या मनात आलं, आणि पुस्तक तिथून सुरू झालं. ते २००६ साली आलं आणि त्याच वर्षी ब्रिटिश क्राइम रायटर्स असोसिएशनचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला.

आता डिटेक्टिव्ह. जिमी पेरेझ. नाव स्पॅनिश, माणूस पक्का शेटलंडचा. १५८८ साली स्पॅनिश आरमारातलं ‘एल ग्रान ग्रिफॉन’ हे जहाज फेअर आयलच्या खडकांवर फुटलं आणि त्यावरचे खलाशी काही आठवडे त्या चिमुकल्या बेटावर राहिले, हा इतिहास. त्यांतला एक मागे राहिला आणि पेरेझ घराणं त्याचं, ही कादंबरीतली कौटुंबिक आख्यायिका. पेरेझ काळ्या केसांचा, सावळा, त्यामुळे आपल्याच माणसांत थोडा परका दिसणारा.

त्याची पद्धत फार साधी. तो बसतो. चहा घेतो. समोरच्याला बोलू देतो. इन्व्हर्नेसहून आलेला वरिष्ठ अधिकारी रॉय टेलर सतत येरझाऱ्या घालत असतो, त्याला झटपट निकाल हवा असतो. पेरेझ मात्र मॅग्नसच्या शेकोटीपाशी बसून त्याच्या अडखळत्या बोलण्याची वाट पाहतो. मॅग्नसला पटकन बोलता येत नाही, नको तिथे हसू येतं, लोक त्याला वेडगळ समजतात. पेरेझ त्याच्याशी ज्या आदराने बोलतो ती पानं या पुस्तकातली सर्वांत चांगली. आपल्याला मॅग्नसचं मन आतून दिसत असतं, तरीही त्याने काय केलंय याची खात्री देता येत नाही. आपण त्याच्या बाजूचे होतो, मग दचकतो, मग पुन्हा त्याच्या बाजूचे होतो. हे लिहायला फार अवघड आहे, आणि क्लीव्हज यांनी ते पुस्तकभर पेललंय.

म्हणून मी हे पुस्तक नाताळातच वाचा म्हणते. सणाच्या दिवसांत एकटं माणूस जास्त एकटं होतं. सगळे एकमेकांना ओळखतात अशा गावात एखाद्याला वाळीत टाकायला पंचायत भरवावी लागत नाही, त्याच्या दारावर थाप मारायची नाही एवढं पुरतं. आणि मॅग्नस एकटाच असा नाही. कॅथरीन आणि तिचे वडील बाहेरून आलेले, आई गेलेली. सॅलीची आई गावातल्या शाळेची बाई, म्हणून तिला मैत्रिणी जोडणं कठीण. फ्रॅन हंटर ही चित्रकार, घटस्फोटित, लहान मुलीला घेऊन राहणारी, तिच्याच नजरेला ते प्रेत पडतं. खुद्द पेरेझसुद्धा फेअर आयलला परतून शेती करावी की पोलिसातच राहावं या विवंचनेत. तपास पुढे सरकतो तसं एकेका घरातलं एकटेपण उघडं पडतं.

[फोटो: लेरविक, मशालींची मिरवणूक]

आणि मग जानेवारीचा शेवटचा मंगळवार. ‘अप हेली आ’, लेरविकचा आगीचा उत्सव. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण ते माहीत असेल तर पुस्तकाचा शेवट दुप्पट चढतो.

शेटलंड कधीकाळी नॉर्वेचं होतं. १४६९ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने लेकीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली आणि ती कधीच सोडवली गेली नाहीत. व्हायकिंग वारशाचा तो अभिमान लेरविकमध्ये आजही या एका रात्री उफाळून येतो. पूर्वी नाताळाच्या दिवसांत तिथली तरुण पोरं डांबराची पेटती पिंपं रस्त्यांतून ओढत न्यायची. एकोणिसाव्या शतकात त्याला बंदी आली आणि हळूहळू आजचा शिस्तीतला सोहळा उभा राहिला. स्वयंसेवक कित्येक महिने खपून एक व्हायकिंग जहाज बांधतात. त्या रात्री गावातले रस्त्यावरचे दिवे बंद होतात, हजारेक माणसं मशाली घेऊन निघतात, सगळे सोंगं घेतलेले. शेवटी त्या मशाली जहाजात भिरकावतात आणि सगळी मेहनत जळून जाते. नंतर रात्रभर सभागृहांमध्ये खाणं, पिणं, नाच. वादळ असो, पाऊस असो, तारीख बदलत नाही. स्त्रियांना लेरविकच्या या मिरवणुकीतल्या पथकांमध्ये सामील व्हायची मुभा मिळाली ती २०२३ साली, म्हणजे पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा ती निव्वळ पुरुषांची मिरवणूक होती.

आता विचार करा. अख्खं गाव रस्त्यावर, दिवे बंद, चेहरे झाकलेले, नजरा आगीकडे. आणि खुनी अजून मोकळा. याहून जास्त काही सांगत नाही.

जाता जाता फूला बेटाचं सांगायचं राहू नये. शेटलंडच्या पश्चिमेला तीसेक माणसांचं हे बेट. तिथे जुन्या कॅलेंडरनुसार नाताळ ६ जानेवारीला आणि नवीन वर्ष १३ जानेवारीला पाळतात. तेव्हा २५ डिसेंबरला पुस्तक संपलं नाही तरी घाई नको.

मालिका आठ पुस्तकांची. पहिली चार रंगांची आणि ऋतूंची: ‘रेव्हन ब्लॅक’ हिवाळा, ‘व्हाइट नाइट्स’ उन्हाळा, ‘रेड बोन्स’ वसंत, ‘ब्लू लाइटनिंग’ शरद. पुढची चार पाणी, हवा, माती, आग या महाभूतांच्या नावांची, शेवटचं ‘वाइल्ड फायर’ २०१८ सालचं. दुसरं पुस्तक मला थोडं सैल वाटतं, पण ते ओलांडा, कारण चौथ्यात जे घडतं त्याचा धक्का आधीची तीन वाचलेल्यालाच पूर्ण बसतो. कृपा करून क्रम मोडू नका. बीबीसीची मालिका २०१३ साली सुरू झाली ती ‘रेड बोन्स’पासून. डग्लस हेनशॉल यांचा पेरेझ पुस्तकातल्यासारखा सावळा अजिबात दिसत नाही, तरी काम उत्तम आहे. पण आधी वाचा, मग बघा.

आणि ज्यांना वाडा, पार्टी, बर्फाचं वादळ असा जुना थाटच हवा असेल, त्यांनी याच लेखिकेचं ‘द डार्केस्ट ईव्हनिंग’ घ्यावं, २०२०चं. ती व्हेरा स्टॅनहोपची मालिका, इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमधली. वादळात व्हेराला रस्त्याच्या कडेला घसरलेली गाडी दिसते, दार उघडं, आत एक लहान मूल, आई कुठेच नाही. मुलाला घेऊन ती जवळच्या मोठ्या वाड्यात जाते, आणि तो वाडा तिच्याच वडिलांच्या घराण्याचा निघतो. वाड्यात मेजवानी रंगलेली, आणि ही भिजलेल्या कोटात दारात उभी. क्लीव्हज यांना दार हे कथेचं सर्वांत धोक्याचं ठिकाण का वाटतं, हे दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचलीत तर कळेल.

वाचून झालं की मॅग्नसबद्दल काय वाटलं ते मला नक्की कळवा. खुन्याचं नाव तेवढं लिहू नका, कोणीतरी अजून अर्ध्यात असेल.