बिनतारी कॅमेऱ्याच्या दोन तारा

(दृश्य: ट्रेलरची मागची बाजू. जमिनीवर नुकताच उघडलेला खोका.)

गाडीमागे जोडायच्या ट्रेलरला मागचं दाखवणारा कॅमेरा आणलाय. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'वायरलेस'. खोका उघडला की हाताला आधी लागतात त्या वायरीच. एक लाल, एक काळी.

यात फसवणूक काही नाही. वायरशिवाय जातं ते फक्त चित्र. कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य रेडिओलहरींवरून चालकासमोरच्या पडद्यावर पोहोचतं. कॅमेऱ्याला वीज मात्र वायरीतूनच मिळते. वाचते ती मागच्या टोकापासून केबिनपर्यंत ओढायची लांबलचक व्हिडिओ केबल. ट्रेलरला ही सुटका मोठी वाटते. तो जोडायचा, सोडायचा, पुन्हा जोडायचा. दर वेळी जोडायची आणखी एक केबल म्हणजे विसरायला आणखी एक गोष्ट.

मागचं पडद्यावर पाहायची हौस तशी जुनी. १९५६ साली ब्युइकने 'सेंच्युरियन' ही प्रदर्शनापुरती गाडी केली, तिच्यात आरशाऐवजी मागे टीव्ही कॅमेरा आणि समोर छोटा पडदा होता. अमेरिकेत मे २०१८पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. ट्रेलर त्या नियमाबाहेर राहिले, आणि ट्रेलर ओढणाऱ्याला तर आतल्या आरशात फक्त ट्रेलरची समोरची भिंत दिसते.

(दृश्य: ड्रिल मशीन बाजूला पडलेलं. कॅमेरा टेपने तात्पुरता चिकटवलेला.)

ड्रिलला इतक्यात हात लावायचा नाही. कॅमेरा टेपने चिकटवायचा, १२ व्होल्टच्या सुट्या बॅटरीवर चालू करायचा आणि एकाने केबिनमध्ये पडद्यासमोर बसायचं. इंजिन चालू, दारं बंद. मग ट्रेलर जोडून गाडी वळवायची, अगदी कोन होईपर्यंत. सरळ रेषेत स्वच्छ दिसणारं चित्र नेमकं वळणावर तुटू शकतं, कारण कोन बदलला की कॅमेरा आणि पडदा यांच्यामध्ये पत्र्याचा जास्त अडथळा येऊ शकतो. पत्रा लहरी अडवतो. अशा वेळी अँटेना बाहेर, उंचावर घ्यावी लागते. हे भोकं पाडल्यावर कळलं तर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही.

यातले बरेचसे कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. साध्या ॲनालॉग कॅमेऱ्याच्या पडद्यावर मग पट्टे सरकतात, कधी शेजारच्या गाडीचा कॅमेराही डोकावतो! डिजिटल संचात कॅमेरा आणि पडदा यांची जोडी आधीच जमवलेली असते, म्हणून शेजारचं चित्र त्यात डोकावत नाही.

आता वीज घ्यायची कुठून? मोटारीत उत्तर सोपं, रिव्हर्सच्या दिव्यातून. गिअर टाकला की दिवा लागतो, कॅमेराही जागा होतो. ट्रेलरचं तसं नाही. गाडीतून ट्रेलरच्या दिव्यांना वीज देणाऱ्या चार पिनांच्या साध्या जोडणीत रिव्हर्सची वायरच नसते. तिथे पार्किंगच्या दिव्यावरून वीज घेतात. दिवसा दिवे लावून ठेवावे लागतात, पण चालत्या गाडीतही मागचं दिसत राहतं. ट्रेलरला मला तरी हीच सोय जास्त पटते.

(दृश्य: कानसीने खरवडलेला रंग, खाली चकाकणारा पत्रा.)

लाल वायरीत फ्यूज घालायचा, हे सगळ्यांच्या लक्षात असतं. काळीकडे, म्हणजे अर्थच्या वायरीकडे, दुर्लक्ष होतं. रंगावर किंवा गंजावर आवळलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. रंग खरवडून उघड्या पत्र्याला जोडायचं, किंवा थेट ट्रेलरच्या अर्थच्या वायरीला. चित्र थरथरलं, मधूनच गेलं, तर कॅमेऱ्याला नावं ठेवण्याआधी काळी वायर पाहावी. भोकाच्या कडेला गंजरोधक रंग, वायर कडेला घासू नये म्हणून भोकात रबरी कडं (ग्रोमेट), आणि आत शिरण्याआधी वायरीला खालच्या बाजूला एक झोळ. पाणी तिथूनच ठिबकून जातं.

(दृश्य: पडदा. ट्रेलरमागे उभा माणूस हात वर करतो.)

आता खरी परीक्षा. एकाने मागे, गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. पडद्यावर तो डावीकडेच दिसला पाहिजे. आरशाची सवय झालेल्या डोळ्यांना उलटं चित्र चालत नाही. तो उजवीकडे दिसत असेल तर सेटिंगमध्ये चित्र फिरवून घ्यायचं. बरोबर बसलेल्या चित्रात त्याच्या शर्टावरची अक्षरं उलटी दिसतात, आणि ती तशीच दिसायला हवीत.

आणि पडद्यावरच्या त्या अंतर दाखवणाऱ्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा? साध्या संचात त्या कारखान्यातच आखलेल्या असतात. तुमचा कॅमेरा किती उंचावर बसला, किती झुकला, त्यांना काय ठाऊक! म्हणून टेप घेऊन मागच्या कडेपासून १ मीटर, २ मीटर मोजायचं, जमिनीवर खुणा करायच्या आणि पडद्यावर त्या कुठे पडतात ते पाहायचं. भरलेला ट्रेलर मागे दबला की हिशोब पुन्हा बदलतो. त्यात भिंग रुंद कोनाचं, त्यामुळे जवळची वस्तूही लांब भासते.

आणखी एक. चित्र हवेतून येतं तेव्हा किंचित उशिरा येतं. ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर सरकते. चित्राला ०.२ सेकंद उशीर झाला तरी पडद्यावर दिसतं त्यापेक्षा गाडी २८ सेंटीमीटर आणखी मागे गेलेली असते. वायफायवरून मोबाइलवर चित्र पाहणाऱ्यांना हा उशीर जास्त जाणवू शकतो.

(दृश्य: चिखलाचा रस्ता. पडदा धुरकट.)

पहिल्याच पावसात भिंगावर चिखल बसतो. चालक फडकं घेऊन उतरतो, भिंग पुसतो. आणि उतरलाच आहे, तर वाकून चाकांमागेही एकदा पाहून घेतो.