उशिरा सुटलेली जहाजं

(वेंगुर्ल्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, वेंगुर्ल्यात येऊन समुद्राबद्दल बोलायला थोडं धाडसच लागतं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना वारा माझ्यापेक्षा जास्त कळतो. म्हणून मी वाऱ्याबद्दल कमी आणि हिशेबाबद्दल जास्त बोलणार आहे. बुडालेल्या जहाजाची गोष्ट सांगताना आपण वादळापासून सुरुवात करतो. आभाळ काळं होतं, डोलकाठी मोडते, आणि मग माणसं देवाचा धावा करतात. पण शिडांच्या काळातल्या व्यापारी जहाजांचे कागद वाचत गेलं की दिसतं, त्यातली बरीचशी जहाजं धक्क्याला बांधलेली असतानाच बुडायला लागली होती. वादळाने फक्त शेवटचा हात लावला.

मी बोलणार आहे ते मुख्यतः लिस्बन आणि गोवा-कोचीन यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या पोर्तुगीज जहाजांबद्दल. सोळाव्या-सतराव्या शतकात इतका लांबचा, इतका नियमित आणि इतका जीवघेणा व्यापारी मार्ग क्वचितच दुसरा असेल.

सुरुवात १५०३ सालापासून करू. वास्को द गामा दुसऱ्या खेपेला हिंदुस्थानात आला आणि परत जाताना आपल्या मामाला, विसेंत सोद्रेला, काही जहाजं देऊन मागे ठेवून गेला. काम एकच: कोचीन आणि कण्णूरच्या वखारी सांभाळायच्या. मामा वखारी सोडून अरबस्तानच्या किनाऱ्याकडे गेला, कारण तिकडे लुटायला श्रीमंत तारवं मिळत. मे महिन्यात ही जहाजं आज ओमानमध्ये असलेल्या अल हल्लानिया बेटाच्या आश्रयाला थांबली होती. बेटावरच्या मच्छीमारांशी त्यांचं बरं जमलं होतं. त्याच लोकांनी सांगितलं, की आता उत्तरेचा वारा सुटेल, इथे राहू नका, बेटाच्या पलीकडच्या अंगाला जा. लहान जहाजं गेली. विसेंत आणि त्याचा भाऊ ब्रास यांनी आपली दोन जहाजं, एस्मेराल्दा आणि साओ पेद्रो, तिथेच ठेवली. आमचे नांगर लोखंडी आहेत, म्हणाले.

वारा आला. नांगर ओढले गेले आणि दोन्ही जहाजं खडकांवर आदळली. साओ पेद्रो किनाऱ्याला लागलं, त्यातली बरीच माणसं वाचली. एस्मेराल्दा खोल पाण्यात गेलं, त्याच्याबरोबर मामाही गेला.

या जागी २०१३ पासून उत्खनन झालं. १४९८ साल कोरलेली जहाजाची घंटा मिळाली. अक्षांश मोजायचं पितळी यंत्र मिळालं. आणि ‘इंदियो’ नावाचं चांदीचं नाणं मिळालं, १४९९ मध्ये खास हिंदुस्थानच्या व्यापारासाठी पाडलेलं. आमच्यासाठी म्हणून पाडलेलं नाणं आमच्यापर्यंत न पोचता पाचशे वर्षं वाळूत पडून राहिलं. मला त्या नाण्यापेक्षा ते मच्छीमार जास्त आठवतात. त्यांचं नाव कुठल्याच कागदात नाही, पण अंदाज त्यांचाच बरोबर होता.

आता वेळापत्रकाकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघायचं, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालायचा आणि आपल्याकडच्या पावसाळी वाऱ्याच्या पाठीवर सप्टेंबरच्या सुमारास गोवं गाठायचं. परतीला डिसेंबर किंवा फार तर जानेवारीच्या सुरुवातीला शिडं उभारायची, म्हणजे मतलई आणि ईशान्येचे वारे साथीला असतात, आणि तिकडचा हिवाळा सुरू व्हायच्या आत केप ओलांडून होतो. आपला वैशाख-ज्येष्ठ तो दक्षिणेकडचा हिवाळा, आणि केपचा हिवाळा म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळांची रांग. एक महिना उशीर झाला की अख्खा हिशेब फिरतो. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. राजाचे हुकूमही होते. तरी जहाजं उशिरा सुटत राहिली. का?

मिरीमुळे. ज्यांच्या परसात माडावर मिरवेल चढलेली आहे त्यांना मी काय सांगावं? घड लागतात, भरतात, आणि पौष-माघात कुठे तोडणीला येतात. मग दाणे झाडायचे, उन्हात वाळवायचे. मिरी घ्यायला लागणारी चांदी लिस्बनहून येणार त्याच जहाजांवर, म्हणजे सप्टेंबरात, आणि तीही बऱ्याचदा कमी. मलबारात कुठे ना कुठे लढाई चालू. बाजारात भाव वेगळा, राजाने ठरवलेला भाव वेगळा, त्यामुळे शेतकरी आणि व्यापारी माल हात राखूनच आणणार. वारा म्हणतो डिसेंबर आणि मिरी म्हणते फेब्रुवारी. या दोघांच्या मध्ये जहाज अर्धं रिकामं उभं. कप्तान काय करणार? थांबणार.

साओ जोआओ हे असंच थांबलेलं जहाज. कप्तान मानुएल द सोझा सेपुल्वेदा, दीवचा किल्लेदार म्हणून काम केलेला मोठा माणूस, बरोबर बायको लिओनोर आणि मुलं. मलबारात लढाई, मिरी कमी. आधी कोल्लमला जाऊन थोडी भरली, मग कोचीनला उरलेली. निघाले ३ फेब्रुवारी १५५२ ला. जहाज त्या वेळच्या मोठ्या जहाजांपैकी एक, आणि मालाने गच्च. शिडांचा मात्र एकच संच, तोही जीर्ण. आता बघा, पोटात लाखांची मिरी आणि डोलकाठीवर फाटकं कापड. शिडांवर खर्च झाला असता तर तो दिसला असता, मिरीवर झालेला खर्च नफ्याच्या बाजूला लागतो. वाटेत शिडं फाटत राहिली, ती शिवण्यात चांगल्या वाऱ्याचे दिवस गेले. केपजवळ व्हायचं तेच झालं. सुकाणू कुजकं निघालं, डोलकाठ्या गेल्या, आणि जून महिन्यात जहाज आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून फुटलं.

शेकडो माणसं जिवंत किनाऱ्यावर उतरली. खरी गोष्ट तिथून पुढे आहे. ती सगळी उत्तरेकडे पोर्तुगीज व्यापाराची गलबतं जिथे येत त्या खाडीच्या दिशेने चालत निघाली. भूक, नद्या, स्थानिकांशी चकमकी. शस्त्रं देऊन टाकली, मग अंगावरचे कपडेही गेले. लिओनोरने लाजेपोटी स्वतःला कमरेपर्यंत वाळूत पुरून घेतलं आणि तिथेच ती गेली, मुलंही गेली. नवऱ्याने त्यांना पुरलं आणि तो एकटा रानात निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. शेवटी पंचवीसच्या आसपास माणसं मोझांबिकला पोचली, आणि त्यात पोर्तुगिजांपेक्षा गुलामांची संख्या जास्त होती. पोर्तुगालमध्ये ही कहाणी पुस्तिकेच्या रूपात छापून घरोघरी वाचली गेली. लोक लिओनोरसाठी रडले. त्या गुलामांसाठी कुणी रडल्याचं वाचनात नाही.

उशिरानंतरचं दुसरं दुखणं जागेचं. खलाशांना पगार तुटपुंजा, त्याच्या बदल्यात जहाजावर ठरावीक जागा मिळे. त्या जागेत त्याने आपला माल न्यायचा, दालचिनी, कापड, जे परवडेल ते. कुणी ती जागा विकूनही टाकी. राजाची मिरी तळातल्या कोठ्यांत, आणि त्याच्या वर प्रत्येकाचे पेटारे. डेकवर पेटारे, पेटाऱ्यांवर गाठोडी, गाठोड्यांवर कोंबड्यांची खुराडी. आपल्या एसटीच्या टपावर गणपतीच्या दिवसांत जे दिसायचं तेच, फक्त सहा महिन्यांच्या प्रवासाला. वादळात पंपापर्यंत पोचायचं तर आधी अर्धा बाजार समुद्रात फेकावा लागे, आणि आपला पेटारा पहिला कोण फेकू देणार?

पंपापर्यंत पोचलं तरी सुटका नाही. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी शिरलं की कोठ्या फुटून मिरी सुटे, आणि दाणे पंपाच्या नळ्यांत जाऊन बसत. पंप बंद. ज्या मालासाठी जहाज निघालं तोच माल पाणी उपसू देईना. हे एकदा नाही, कहाण्यांमागून कहाण्यांत येतं.

१५७० मध्ये राजा सेबास्तियाओने कायदाच केला, की ४५० टनांपेक्षा मोठं जहाज या मार्गावर बांधायचं नाही. कायदा शहाणा होता. पाळला कुणी नाही, कारण चार मजल्यांच्या एका जहाजात दोन जहाजांची मिरी जाते आणि कप्तान एकच लागतो. हे वाचताना मला हसू येतं, पण आजच्या मालवाहू जहाजांचे आकार बघितले की हसू जातं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची सांगतो. युरोपातलं लाकूड उष्ण समुद्रात लवकर किडे. आपल्याकडचं सागवान टिके. गोव्यात १५६० च्या सुमारास बांधलेलं ‘शागाश’ नावाचं जहाज या मार्गावर सुमारे पंचवीस वर्षं चाललं. लिस्बनच्या गोदीतली कित्येक जहाजं तीन-चार खेपांत संपत. इथले सुतार कोण होते, त्यांची घराणी कुठली, हे कुणीतरी तरुण अभ्यासकाने शोधावं.

घराच्या उंबरठ्यावर बुडालेलं एक जहाज आहे, ते सोडवत नाही. नोसा सेन्योरा दुश मार्तिरेश. कोचीनहून मिरी घेऊन सहा-आठ महिन्यांचा अख्खा प्रवास पार पाडून सप्टेंबर १६०६ मध्ये लिस्बनच्या नदीच्या तोंडाशी आलं आणि साओ जुलियाओच्या किल्ल्याखाली खडपावर चढून फुटलं. किल्ल्यावरून लोक बघत होते. पाण्यावर मिरीची काळी साय पसरली आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागली. राजाचे अधिकारी ती गोळा करायला धावले, आसपासचे गावकरीही. १९९० च्या दशकात पाणबुड्यांनी तिथे उत्खनन केलं, तर सांगाड्याभोवती मिरीदाण्यांचा थर. चारशे वर्षांनी दाणा ओळखू येत होता.

रेखांशाचं एक वाक्यात सांगून पुढे जातो: सूर्याकडे बघून आपण उत्तर-दक्षिण किती आलो हे कळत असे, पूर्व-पश्चिम किती आलो हे अठराव्या शतकात अचूक घड्याळ येईपर्यंत अंदाजानेच. त्या अंदाजाने १५८५ मध्ये गोव्याकडे चांदी घेऊन येणारं सान्तियागो मोझांबिक आणि मादागास्करच्या मधल्या प्रवाळाच्या कड्यावर चढलं. भरतीला हा कडा जवळजवळ दिसेनासा होतो. पोर्तुगीज त्याला ‘बायशु द जुदिया’ म्हणत, जुदिया नावाच्या जहाजावरून. पुढे नकाशांत त्याचं ‘बासास द इंदिया’ झालं. जुदियाचं इंदिया! आज त्या निर्जन कड्याला हिंदुस्थानचं नाव आहे, ते कुणाच्यातरी वाईट अक्षरामुळे.

आता इथल्या प्रश्नाकडे. फुटलेलं जहाज कुणाचं?

१६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर आला होता. बोलणी निराजीपंतांमार्फत. इंग्रजांच्या कलमांत एक असं होतं, की आमची जहाजं तुमच्या किनाऱ्याला लागून फुटली तर माल परत मिळावा. महाराजांनी हरकत घेतली: कोकणच्या रिवाजात वादळाने किनाऱ्याला लागलेला माल परत द्यायची पद्धत नाही, आणि तुम्हाला दिला तर फ्रेंच आणि डच तेच मागतील. संकटात सापडलेल्या माणसांना मदत करू, माल मात्र वेगळा विषय. इंग्रज याला रानटीपणा म्हणत. पण त्यांच्याच देशात १२७५ चा कायदा होता, की जहाजातून एक माणूस, एक कुत्रा किंवा एक मांजर जरी जिवंत बाहेर आलं तर ते जहाज फुटलेलं धरायचं नाही. म्हणजे मांजर बुडालं की माल राजाचा. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने मलबारात हीच चाल पाहिली, फक्त कालिकतचा अपवाद सोडून. चीनच्या बादशहाकडे जाणारं त्याचं जहाज कालिकतसमोर फुटलं, तेव्हा राजाचे शिपाई किनाऱ्यावर माल उचलणाऱ्यांना काठीने हाकलत होते. जिथे व्यापारी यावेत असं वाटतं तिथला राजा बुडीत मालावर हात टाकत नाही. यात धर्म-अधर्मापेक्षा बाजाराचा विचार जास्त आहे, असं माझं मत.

आणि वेळापत्रकाचं म्हणाल तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साफ लिहिलंय, की समुद्र खवळायच्या आधीच आरमार छावणीला आणावं. नारळी पुनवेपर्यंत होडी वर ओढून ठेवणाऱ्या माणसाला हे वाचायची गरज नव्हती. अर्थात त्याला लिस्बनला मिरी पोचवायची नव्हती.

गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक जहाज सापडलं: तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. आणि सेंट जॉर्ज रीफवर एकोणिसाव्या शतकातलं दुसरं, पोटात छपराची कौलं आणि फरश्या. कौलांवर छाप: बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. ते कारखाना निघाल्याचं साल. आमच्या घराच्या पडवीवर तशीच मंगळुरी कौलं होती. छाप आतल्या बाजूला असायचा, म्हणून गळती लागून कौल खाली काढलं तरच तो वाचायला मिळायचा.