गाडीचा फोटो एडिट करताना आधी प्रतिबिंबं बघा

नमस्कार मंडळी! आज आपण गाडीचा फोटो एडिट करायला शिकतोय, आणि मी गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरणार आहे. १९९६ पासून आहे, पूर्ण फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली, तीच आत्ता स्क्रीनवर आहे. तुमच्याकडे फोटोशॉप असेल तरी काही अडणार नाही. लेअर (एकावर एक ठेवलेले थर), मास्क (थराचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा : काळा लपवतो, पांढरा दाखवतो), कर्व्ह्ज (उजेड-अंधार कमीजास्त करायचं टूल) दोन्हीकडे आहेत.

(स्क्रीनवर : सोसायटीच्या पार्किंगमधली काळी सेडान)

कुठल्याही टूलला हात लावण्याआधी हा फोटो नीट बघा. गाडी काळी आहे ना? मग यात काळं किती दिसतंय? बोनेटवर आभाळ आहे. दारांवर समोरच्या बाल्कन्या आहेत, त्यांचे गजसुद्धा मोजता येतील. खाली पेव्हर ब्लॉक उमटलेत. आणि मागच्या दारात ट्रायपॉडसकट मी उभा आहे.

गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, आणि तो आरशाचं काम करतो. काळा रंग स्वतः फारसा उजेड परत पाठवतच नाही, म्हणून काळ्या गाडीवर आपल्याला दिसतं ते जवळजवळ सगळं प्रतिबिंबच. पांढऱ्या गाडीत उलट होतं. तिथे रंगच इतका उजळ असतो की प्रतिबिंबं फिकी पडतात आणि आकार कळतो तो करड्या सावल्यांवरून. म्हणून दोन्ही गाड्यांना एकच प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, लावून चालत नाही. सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) आणि शार्पनेस वाढवला की गाडी उठून दिसेल असं वाटतं, पण आधी उठून दिसतात त्या दारावरच्या बाल्कन्या.

आता या फोटोत राखायचं काय? ही बघा, हेडलाइटपासून दारांच्या हँडलजवळून टेललाइटपर्यंत जाणारी उजेडाची रेघ. डिझाइन करणाऱ्यांनी पत्र्याला जो बाक दिलाय, तो आपल्याला या रेघेमुळे कळतो. ही रेघ अखंड हवी. तिला तोडणारी प्रत्येक गोष्ट काढायची, मग तो विजेचा खांब असो की मी.

अर्धं काम कॅमेऱ्यातच होतं. सूर्य मावळल्यावर गाडी मोकळ्या मैदानात उभी करा, सगळं आभाळच तुमचा लाइट होतं. शक्य असेल तर रॉ फॉरमॅटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. काळ्या दारावर उजेड हळूहळू कमी होत जातो, तो भाग जेपेगमध्ये उजळायला गेलात की पट्टे पडतात, रॉमध्ये ते टळतं.

आणि पोलरायझर. लेन्सवर लावायचा हा फिल्टर फिरवला की काचेवरची, रंगावरची चमक कमी होते. क्रोमवरची होत नाही, कारण तो उघडा धातू. अडचण अशी, की फिल्टरच्या एका स्थितीत समोरची काच साफ होते आणि दुसऱ्या स्थितीत दारं. मग ट्रायपॉड न हलवता दोन्ही फोटो काढायचे, गिंपमध्ये एकावर एक लेअर ठेवायचे, वरच्याला काळा मास्क लावायचा आणि पांढऱ्या ब्रशने फक्त हवा तो भाग उघडायचा. बाजूच्या टफन्ड काचांवर कधीकधी ठिपक्यांची नक्षी दिसते. ती घाण नाही, काच कडक करताना तिच्यात राहिलेला ताण पोलरायझरमुळे दिसतो. ज्या फोटोत ती कमी असेल, त्यातली काच घ्या.

आता साफसफाई. मागच्या दारातून मला काढायचंय. थेट हील टूल (शेजारचा भाग घेऊन डाग भरणारं टूल) फिरवू नका, दाराच्या फटीजवळ ते शेजारचा काळा रंग आत ओढतं. आधी कीबोर्डवर बी दाबा, त्याने येणाऱ्या पाथ टूलने (बिंदू जोडून रेघ आखायचं टूल) दाराची कड आखा, तिचं सिलेक्शन करा, एक-दोन पिक्सेल फेदर द्या, म्हणजे कड मऊ होते. वेळ खाणारं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं कच्चं राहतं. आता ब्रश दाराबाहेर जाणारच नाही. शेजारच्या स्वच्छ पत्र्याचा रंग उचला, मोठा मऊ ब्रश घ्या, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) कमी ठेवा आणि रेघेच्या दिशेनेच फिरवा. झालं की थोडा नॉइज (बारीक दाणे) टाका, नाहीतर तेवढाच भाग प्लास्टिकचा वाटतो.

रेघ उजळायची तर लेअरची प्रत काढा, कर्व्ह्जने ती उजळ करा, काळा मास्क लावा आणि पांढऱ्या ब्रशने फक्त रेघेवरून जा. चाकांच्या कमानीखाली आणि गाडीच्या पोटाखाली मात्र हेच उलट करा. टायर जमिनीला टेकतो तिथली सावली गडद नसेल, तर गाडी तरंगल्यासारखी दिसते.

तुम्ही सगळ्यात जास्त विचारता ते रंग बदलण्याबद्दल. लाल गाडी निळी करणं सोपं आहे : वर निळा लेअर, त्याचा मोड (खालच्या फोटोत मिसळायची पद्धत) एचएसएल कलर, आणि मास्कने फक्त पत्रा. पांढरी लाल करायला गेलात तर गुलाबी होईल, कारण हा मोड उजळपणा तसाच ठेवतो. तिथे लाल लेअर मल्टिप्लाय मोडमध्ये हवा, तो खालचा भाग गडद करत मिसळतो. आणि इथेही प्रतिबिंबच फसवतं. क्लिअर कोटवरून परतणाऱ्या उजेडाला खालचा रंग लागत नाही. लाल गाडीवर ट्यूबलाइटची रेघ पांढरीच दिसते, म्हणून मास्कमधून त्या चमका वगळा. जमिनीवर पडलेली जुन्या रंगाची झाकही बदला.

गाडी विकायला फोटो काढत असाल तर मागची दोरी, कचऱ्याचा डबा, स्वतःचं प्रतिबिंब खुशाल काढा, नंबर प्लेटही झाका. पोचा आणि ओरखडा मात्र तसाच राहू द्या. घेणारा माणूस त्या फोटोवर विसंबून लांबून येतो.

हा बघा आधीचा फोटो आणि हा आताचा. पत्र्याचा काळेपणा मी कुठेही वाढवलेला नाही. बाल्कन्या गेल्या, मी गेलो, रेघ सलग झाली.

चाकं फिरती दाखवायचं राहिलं. त्यासाठी सर्क्युलर मोशन ब्लर लागतो, पण चाक तिरकं दिसत असेल तर आधी ते सरळ गोल करून घ्यावं लागतं. ते पुढच्या व्हिडिओत, याच फोटोवर.