शेवटच्या बोटाला काय दिलं?

नमस्कार मंडळी.

मला सणांवर बोलायला सांगितलं होतं. ते कागद घरीच ठेवून आलेय. गेल्या पंधरवड्यात घरात जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, तेव्हा तेच बोलते.

पाच वर्षांच्या नातीचा तळहात धरून मी ‘इथे इथे बस रे मोरा’ म्हणत होते. चारा झाला, पाणी झालं, मोर भुर्रकन उडाला. ती हात तसाच पुढे धरून म्हणाली, “आजी, शेवटच्या बोटाला काय दिलं?”

मला कळेना. मग तिने आईकडून शिकलेला खेळ करून दाखवला. तळहातावर बोट गोल गोल फिरवत, “सोरोका-वोरोना, ना प्रिपिच्कू...” आणि एकेक बोट मिटायचं. याला दिली, याला दिली, शेवटच्याला नाही.

आमची सून मराठी नाही, आपण येऊन राहिलो त्या या देशातलीच. तिची आजी तेव्हाच्या पूर्व पोलंडातून आलेली. सुनेला या गाण्याचे एवढेच शब्द येतात, अर्थ ठाऊक नाही. आजी म्हणायची, म्हणून ती म्हणते. हे पोलिश गाणं, असं घरात सगळे धरून चालले होते.

माझ्या ओळखीच्या एका पोलिश बाईंना मी ते म्हणून दाखवलं. त्या हसल्या. त्यांच्याकडेही तळहातावर हा पक्षी येतो, मॅगपाय. त्याला म्हणतात स्रोच्का. ती लापशी शिजवते, पिलांना वाढते, शेवटच्याला काही न देता ‘फ्रर्र’ करून उडून जाते. आपलं भुर्र, त्यांचं फ्रर्र! माझ्या अंगावर काटा आला. पण बाई म्हणाल्या, “तुमचे हे शब्द पोलिश नाहीत.”

सोरोका म्हणजे तोच पक्षी. हा शब्द रशियनमध्येही आहे आणि युक्रेनियनमध्येही. सुनेच्या आजीला एप्रिल १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने तार्नोपोलकडच्या (आज ते युक्रेनमध्ये आहे) गावातून आईबरोबर गाडीत कोंबून कझाकस्तानात नेलं होतं. तिथे रशियन गाणं कानावर पडलं असेल, असं आधी वाटलं. पण प्रिपिचोक म्हणजे भट्टीवजा चुलीच्या तोंडाशी असतो तो कट्टा, आणि त्यातला ‘पि’ युक्रेनियन. रशियनमध्ये तिथे ‘पे’ येतो. म्हणजे हे गाणं गाव सुटण्याआधीचं, बहुधा तिच्या आईच्या माहेरचं. त्या गालिसियात, म्हणजे तार्नोपोलच्या त्या मुलखात, अशी पोलिश-युक्रेनियन मिश्र घरं पुष्कळ होती. मुलगे बापाच्या चर्चचे, मुली आईच्या. एकाच घरात नाताळ दोनदा, २५ डिसेंबरला आणि ७ जानेवारीला.

मी उत्साहाने विहीणबाईंना सांगितलं. त्या दुखावल्या. “आम्ही पोलिश आहोत. माझी आई पोलिश म्हणूनच गेली.” सून म्हणाली, मग मला हे आधी का नाही सांगितलंस? मायलेकी चार दिवस बोलल्या नाहीत. तो वाद मीच घरात आणला, याचं मला वाईट वाटतं. १९४३-४४ मध्ये त्या भागात पोलिश आणि युक्रेनियन माणसांनी एकमेकांचं किती रक्त सांडलं, ते मी नंतर वाचलं. तशा वेळी आईची भाषा गिळूनच टाकावी लागली असेल. लेकराच्या तळहातावर तेवढी राहिली.

आणि मंडळी, सुनेची ही आजी, तेव्हाची लहान मुलगी, इराणमार्गे कुठे पोचली, तर वळिवड्याला! आपल्या कोल्हापूरजवळ, पंचगंगेकाठी. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. पुढे त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर झालं. दर दिवाळीला आम्ही तिथे कापड घ्यायला जायचो. मला कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एखाद्या कोल्हापूरच्या बाईने तिच्या तळहातावर मोर बसवला असेल का, असं आता रात्री मनात येतं.

माझी स्वतःची आजी निपाणीकडची. मांडीवर घेऊन कानडीत ‘आने बंतु आने’ म्हणायची, हत्ती आला हत्ती. पुढे हत्ती कुठल्या गावचा, कशाला आला, ते मला आठवत नाही. बहिणीला फोन केला, आत्याला केला. कुणालाच नाही.

म्हणून थोडं रागावते. आपल्या आया, सासवा सहा महिने इथे येऊन राहतात. कुणाची मालवणी, कुणाची वऱ्हाडी, कुणाची अहिराणी. आणि आपण त्यांना सांगतो, मुलांशी नीट मराठीत बोल. मुलं रंगमंचावर शुद्ध बोलली की टाळ्या वाजवतो, आणि घरी जाताना गाडीत मराठीचा शब्द नसतो. अरे, त्या आजीला तिच्या तोंडचं बोलू द्या!

परवा विहीणबाईंचा फोन आला. नात त्यांना तेच गाणं म्हणून दाखवत होती. शेवटच्या बोटाशी अडली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनीच हळूच पुढची ओळ म्हटली, त्याच भाषेत, आणि अर्थही सांगितला: तू लाकडं फोडली नाहीस, पाणी आणलं नाहीस, म्हणून तुला नाही.

म्हणजे त्यांना येत होतं.

नात म्हणाली, “पण ते तर सगळ्यात लहान बोट आहे!”

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. येत्या रविवारी जेवायला यायच्या आहेत. आणखी काय आठवतं ते विचारावं की गप्प बसावं, माझं अजून ठरलेलं नाही.